अ‍ॅव्हरेज हवंय? मग आधी सरासरी काढा

"गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" हा प्रश्न आपल्याकडे कुणालाही विचारा. उत्तर दोन सेकंदांत येतं आणि एकदम ठाम येतं. "अठरा." लगेच पुढचा प्रश्न टाकून बघा, "कसं काढलं?" मग मात्र समोरचा माणूस तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघतो. गंमत बघा, अ‍ॅव्हरेज या शब्दाचा अर्थच मुळी सरासरी. आपण तो शब्द उचलला, आणि सरासरी काढायचं काम तेवढं सोडून दिलं. बहुतेकांचं अ‍ॅव्हरेज म्हणजे गाडी घेताना कुणीतरी सांगितलेला, किंवा नांदेडच्या एखाद्या चांगल्या फेरीत एकदाच निघालेला आकडा असतो. तो पुढे पंधरा वर्षं तसाच चालतो. गाडी म्हातारी होते, आकडा चिरतरुण :)

आज हा विषय काढण्याचं कारण जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या. आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यासमोर डिझेलची गाडी येते. २००५ साली टाटांचा 'छोटा हत्ती' आला आणि लहान व्यापाऱ्याचा माल त्यावर गेला. पण त्याआधी, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, देगलूर-मुखेड-बिलोली-उदगीर या पट्ट्यात गरिबाचा पिकअप म्हणजे मारुतीची व्हॅन, म्हणजेच ओमनी. मागची सीट काढायची, कपड्याचे गठ्ठे नाहीतर भांडी भरायची, आणि आज या गावचा आठवडी बाजार, उद्या त्या गावचा. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, आणि नव्वदच्या दशकातली असेल तर कार्ब्युरेटर. त्यातल्या काही अजून पळतायत. त्यांच्या मालकांचं दुखणं एकच, "गाडी पेट्रोल लई पिते." त्यावर सल्लेही ठरलेले, "विकून टाक" किंवा "मिस्त्रीकडून जरा लीन करून घे."

माझं मत असं आहे की हे दोन्ही सल्ले न मोजता दिलेले आहेत, आणि दुसरा तर आजच्या घडीला सरळसरळ नुकसानीचा आहे.

आधी जुन्या गाडीवर मेहनत घ्यावी की नाही ते बघू. लिटरला किती किलोमीटर, हे माप जरा फसवं आहे. एक गाडी १० ची १२ झाली आणि दुसरी २० ची २४ झाली, तर दोन्हींत सुधारणा २० टक्केच. पण हजार किलोमीटरचा हिशोब मांडा. पहिलीला १०० लिटर लागायचे ते ८३ लागतात, म्हणजे १७ लिटर वाचले. दुसरीला ५० लागायचे ते ४२, वाचले फक्त ८. म्हणजे जी गाडी जास्त पिते तिथेच वाचवायला जास्त जागा आहे. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी व्हॅन १३ वरून १५ वर आली तरी दहा लिटर वाचतात. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाचे बारा हजार होतात. बाजारात घोंगडी टाकून बसणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

आता मोजायचं कसं? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधा नियम आहे : प्रोग्राम हळू चालतोय म्हणून कुठलीही ओळ बदलायची नाही, आधी वेळ कुठे जातोय ते मोजायचं. गाडीलाही हेच लागू. पण जुन्या गाडीत पहिली अडचण अशी की मीटरची केबलच तुटलेली असते! किलोमीटरचा आकडा कित्येक वर्षं जागचा हललेला नसतो आणि मालक मात्र अ‍ॅव्हरेज सांगत असतो. म्हणून अ‍ॅव्हरेज वाढवण्याचा पहिला खर्च म्हणजे मीटरची केबल, आणि दुसरा एक वही.

पद्धत सोपी. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा. गाडी वापरा. पुन्हा फुल करा, शक्यतो त्याच पंपावर, आणि किती लिटर बसलं ते लिहा. एका टाकीवर निकाल देऊ नका. नोझल कधी जरा आधी बंद पडतं, कधी जरा नंतर. तीस लिटरमध्ये एका लिटरची चूक झाली तर तीन टक्के इथेच गेले. टायरच्या हवेने किंवा फिल्टरने जे वाचणार आहे ते याच मापाचं असतं, म्हणजे एका टाकीत ते दिसणारच नाही. निदान चार-पाच टाक्यांची बेरीज करा. शिवाय देगलूरहून उदगीरला जाताना बालाघाटाचा चढ लागतो आणि येताना तोच उतार होतो, तेव्हा एकेरी फेरीचा आकडा तर धरूच नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर, ऑइल आणि टायर एकाच दिवशी बदलले तर पैसे कशाने वाचले ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

बदलायचं काय? फुकटापासून सुरुवात करा. रस्ता सपाट बघून गाडी न्यूट्रलला टाका आणि ढकला. एका माणसाला जड जात असेल तर ब्रेक चिकटतायत. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर चोर सापडला. मग टायरची हवा, तीही माल भरलेल्या गाडीला कंपनीने सांगितली आहे तेवढी. मग चोक. सकाळी ओढलेली खुंटी अर्धवट आत गेलेली असली की दिवसभर इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल घेतं. वायर अडकून चोकची झडप पूर्ण उघडतच नाही, असंही जुन्या गाडीत होतं. फिल्टरचं झाकण काढून डोळ्यांनी बघा.

एअर फिल्टरचा मुद्दा कार्ब्युरेटरवाल्यांनी नीट वाचावा. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने याच्या चाचण्या केल्या आहेत. नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत फिल्टर घाण असला तरी पेट्रोलच्या खर्चात फारसा फरक पडत नाही, कारण संगणक आत येणारी हवा मोजून पेट्रोल कमी करतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र २ ते ६ टक्के फरक पडू शकतो. आपल्याकडे मळणीच्या दिवसांत रस्त्याकडेला जो भुसा आणि काळ्या मातीची धूळ उडते, ती बघता 'वर्षातून एकदा फिल्टर' हा हिशोब इथे पुरणार नाही.

वेगाचं गणित तर सगळ्यांना माहीत असतं, फक्त पाळायचं नसतं. ओमनी म्हणजे चाकांवरची पेटी. ६० वरून ८० वर गेलात की हवेचा विरोध पावणेदोनपट होतो. महामार्ग गुळगुळीत झाला म्हणून गाडीचा आकार बदलत नाही. पीसीआरए ही सरकारी संस्था कित्येक वर्षं ४५ ते ५५ चा वेग सांगत आलीये, आणि या गाडीच्या बाबतीत तरी ते शंभर टक्के खरं आहे.

आता मिस्त्रींकडे वळू. आपल्याकडचे मिस्त्री हुशार असतात, पंक्चर झालेल्या संसारालाही ठिगळ लावतील. पण त्यांच्या तीन सवयी मला खटकतात. पहिली, जेट साफ करताना त्यात तार घालणे. पितळेचं ते भोक म्हणजे मोजमाप आहे. तारेने ते कणभर मोठं झालं की पेट्रोल कायमचं जास्त जाणार. हवेच्या प्रेशरने साफ करायला सांगा. दुसरी, गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणे. मग इंजिन पुरतं तापतच नाही, आणि थंड इंजिन जास्त पितं. गरम होण्याचं खरं कारण, म्हणजे गाळ बसलेला रेडिएटर, तसंच राहतं.

आणि तिसरी सवय म्हणजे 'लीन करून देणे'. कार्ब्युरेटरवरचा तो छोटा स्क्रू आवळला की अ‍ॅव्हरेज वाढतं ही समजूत पक्की आहे. मुळात तो स्क्रू आयडलिंगचा. गाडी ५० ने पळत असते तेव्हा पेट्रोल मेन जेटमधून येतं, स्क्रूचा तिथे जवळजवळ संबंध नाही. मेन जेटच बारीक घातला तर मिश्रण पातळ होतं खरं, पण गाडीचा पिकअप जातो, म्हणून माणूस पाय जास्त दाबतो. वर व्हॉल्व्ह तापून जळायची भीती.

यात आता नवी भर पडली आहे ती इथेनॉलची. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीला सेन्सर असतो, ती काही प्रमाणात जुळवून घेते. कार्ब्युरेटर बिचारा तीस वर्षांपूर्वी ठरलेल्या प्रमाणातच मिसळत राहतो. म्हणजे तुमची गाडी कुणी हात न लावताच लीन झालेली आहे! तिला आणखी लीन करणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगण्यासारखं आहे.

शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी, लिटरला पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांचं मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. तुमची वही २०२० पासूनची असती तर ही घट तुम्हाला स्वतःच्या अक्षरात दिसली असती, मिस्त्रीला शिव्या द्यायची वेळ आली नसती. आता करायचं ते एवढंच : प्लग काढून रंग बघा. फिकट कॉफीसारखा असेल तर ठीक, काळा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक असेल तर कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही बदलून घ्या, इथेनॉलला ते टिकत नाहीत. पेट्रोलचा थेंब गळणं हे अ‍ॅव्हरेजच्या आधी आगीचं प्रकरण आहे. घरगुती लाल सिलिंडरवर व्हॅन चालवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ते बेकायदा आहेच, आणि मागे बसलेल्या लेकराबाळांचा जीव टांगणीला.

पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या वगैरेंवर मी वेळ घालवत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर साधनं तपासली, मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

राहता राहिला आपला खास देगलुरी उपाय : सीमा ओलांडून कर्नाटकात स्वस्त पेट्रोल भरणे. समजा लिटरमागे ५ रुपयांचा फरक आहे आणि ३० लिटर भरलं. वाचले १५० रुपये. त्यासाठी मुद्दाम ६० किलोमीटरची चक्कर मारली, तर १३ च्या हिशोबाने साडेचार लिटर, म्हणजे साडेचारशे रुपये जाळले. तिकडचा बाजार करायलाच निघाला असाल तर जरूर भरा.

गाडी ठेवायची की विकायची, हा निर्णय प्रत्येकाचा. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला किती आणि जुनीचं पेट्रोल-दुरुस्ती किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर विकणंच बरं असं निघालं तर खुशाल विका. पण "लई पिते" हा काही आकडा नाही. चार टाक्या लिहून बघा. २०२० च्या आधीची कार्ब्युरेटरची मोटरसायकल दारात उभी असेल तर तिलाही यातलं बरंचसं लागू आहे. वही वीस-तीस रुपयांना मिळते.