कान धरून ससा उचलूं नये

अलीकडे आमच्या भिवंडी तालुक्यांतील शेतकरी घरांतून ससे पाळण्याची हौस दिसूं लागली आहे. कोणी मुलांच्या हट्टासाठीं मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांतून जोडी आणतो, कोणी जोडधंदा म्हणून ‘न्यूझीलंड व्हाइट’ जातीचीं पिल्लें मागवितो. ह्या हौसेस आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती पिल्लूं हाताळण्याच्या आपल्याकडील रीतीस. कारण तींत पिल्लांचे नाहक बळी जातात.

ससा म्हणजे कान धरून उचलावयाचा प्राणी, हा समज फार जुना आहे. वस्तुतः सशाचे कान ही मूठ नव्हे. त्यांत रक्तवाहिन्यांचें दाट जाळें असून अंगांतील उष्णता बाहेर टाकण्याचें तें मुख्य साधन आहे. कानांवर सारा भार पडला कीं पिल्लूं वेदनेनें मागचे पाय झाडतें. आणि त्याचीं हाडें इतकीं हलकीं व मागील पायांचे स्नायू इतके बळकट असतात कीं, त्या एका झटक्यानें त्याचा कणा कमरेपाशीं मोडूं शकतो. मागचे पाय लुळे पडतात, व मालक म्हणतो, ‘अंगावरून वारें गेलें.’ वारें गेलेलें नसतें. कणा मोडलेला असतो.

उचलण्याची योग्य रीत अवघड नाहीं. प्रथम आपण जमिनीवर बसावें. वरून झडप घालूं नये. घार तशीच येते. नाकाच्या अगदीं समोरचें त्यास दिसत नाहीं, म्हणून हात बाजूनें न्यावा. एक हात पुढच्या पायांमागें छातीखालीं व दुसरा ढुंगणाखालीं देऊन पिल्लूं आपल्या अंगाशीं टेकवावें, आणि खालीं ठेवितांना मागचे पाय आधीं जमिनीस लावावे. लहान मुलांनीं तर बसूनच घ्यावें, उभ्यानें मुळींच नाहीं. कित्येकजण पिल्लास उताणें निजवितात, आणि तें निश्चल झालें म्हणजे ‘कसें माणसाळलें पाहा’ असें कौतुक करितात. तें माणसाळणें नव्हे; शिकाऱ्याच्या तावडींत सांपडलेला जीव भयानें थिजतो, त्यांतलाच तो प्रकार.

परंतु उचलण्याच्या आधीं ओळख हवी. आमचा सारा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. तेथें खरेदीखत झालें तरी फेरफाराच्या नोटिशीस १५ दिवसांची मुदत द्यावी लागते. आणि येथें मात्र पैसे मोजले त्याच सायंकाळीं सारी आळी पिल्लूं हातोहात फिरविते! आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं आणूंच नये. आणल्यावर दोन-तीन दिवस त्यास शिवूं नये. पिंजऱ्यांत लपावयास एक खोकें ठेवावें, आपण रोज जवळ मुकाट्यानें बसावें, व तळहातावर कोथिंबिरीची काडी धरावी. आमच्या गांवीं मागांचा खडखडाट सदाचाच. तो एकसुरी आवाज पिल्लूं हळूहळू सोसतें, पण फटाका किंवा भांड्याचा दणका झाला कीं बिथरतें. मागचा पाय जमिनीवर आपटूं लागलें तर तें भ्यालें आहे असें समजून दूर व्हावें. हनुवटी आपल्या हातास घासूं लागलें, जवळ येऊन कुशीवर पडलें, म्हणजे ताबा मिळाला. आभाळ पडल्याच्या गोष्टींत आपण सशास हंसतों. पण ज्यास शिंग नाहीं कीं सुळा नाहीं, त्यानें पान पडतांच पळूं नये तर काय करावें?

खाण्याविषयीं थोडेंच. पूर्वीच्या मालकाकडील खाणें आठवडाभर तसेंच ठेवून हळूहळू बदलावें. सशाचे दांत जन्मभर वाढतात. ते झिजावयास वाळलें गवत हवें, आणि वरकस जमिनीच्या मालकास त्याची काय वाण? गाजर म्हणजे मिठाई. सकाळपासून सायंकाळपर्यंत पिल्लानें कशासही तोंड लाविलें नाहीं तर पशुवैद्याकडे न्यावें. वैशाखांत पत्र्याखालीं ठेवूं नये. ३० अंशांपलीकडील उष्मा त्यास सोसत नाहीं.

एक गोष्ट राहिली. भातकापणीच्या वेळीं बांधावरील गवतांत रानसशाचें पिल्लूं सांपडतें, व कोणीतरी तें पोरांसाठीं घरीं आणतो. पाळीव सशाचें मूळ युरोपांत. आपला रानससा निराळ्या जातीचा. पाळीव सशाचें पिल्लूं उघडें व आंधळें जन्मतें, रानसशाचें जन्मतःच केंसाळ व उघड्या डोळ्यांचें असतें. त्याची आई त्यास दिवसभर एकटें ठेवून अंधार पडल्यावर पाजावयास येते. म्हणून एकटें दिसलेलें पिल्लूं पोरकें असतेंच असें नाहीं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानससा धरणें वा पाळणें हा गुन्हा आहे. असें पिल्लूं दिसल्यास विळा तेथेंच थांबवावा, तेवढा तुकडा त्या दिवशीं उभा ठेवावा, व उरलेली कापणी दुसऱ्या दिवशीं करावी.