पाहुण्यांसाठी मराठी, घरात इंग्रजी

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत इकडे आणावे, महिनाभर मराठी घरांत ठेवावे आणि शिबिर घेऊन त्यांना बोलते करावे, ही कल्पना कुठल्याही मंडळाच्या बैठकीत निघाली की माना डोलतात. चहा होतो, 'फार छान' म्हणून मंडळी घरोघर जातात. कल्पना छान आहेच. पण ज्या घरांत ही मुले ठेवायची, त्या घरांत कोणती भाषा बोलली जाते, हे कोणी विचारीत नाही. मी विचारतो, आणि सुरुवात माझ्याच घरापासून करतो.

आम्ही हातोदचे. इंदूर जिल्ह्यातले, गहू-सोयाबीनच्या मुलखातले हे गाव. बाहेर हिंदी आणि माळवी, घरात मराठी, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या पुतणीचा नऊ वर्षांचा मुलगा अमेरिकेहून आमच्याकडे राहायला आला. "काका, त्याच्याशी फक्त मराठीत बोला," एवढीच पुतणीची अट.

आम्ही काय केले? सूनबाईने पहिल्याच सकाळी त्याला नाश्त्याचे इंग्रजीत विचारले. पोराची गैरसोय नको, हा तिचा चांगुलपणा. चिरंजीव त्याच्याशी क्रिकेट इंग्रजीत बोलले. आमची नात तर त्याच्याकडून अमेरिकन उच्चार शिकायला बसली. मीही सुटलो नाही. होळकरांचा इतिहास मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितला! गल्लीतल्या पोरांनी मात्र आठ दिवसांत त्याला कामापुरती हिंदी शिकवली, कारण त्यांना इंग्रजी येत नव्हते.

घरात इंग्रजी न येणारे माणूस एकच, माझी आई. वय पंच्याऐंशीच्या पुढे. दुपारी सगळे निजले की तो पोरगा तिच्यापाशी स्वयंपाकघरात जाऊन बसे. ती कैरी किसायची, डाळ वाटायची आणि अखंड बोलायची. त्याला कळते की नाही याची तिला फिकीर नव्हती. शेवटच्या आठवड्यात आतून आवाज आला, "पणजी, आंबट आहे, मीठ दे." महिनाभराची आमची कमाई एवढीच, आणि तीही आईची.

आता पुण्याकडच्या मंडळींचा आक्षेप ऐका. शिबिरे पुण्यात घ्या म्हणे. तुमची मराठी हिंदाळलेली, मुले तीच उचलतील. आहे बुवा हिंदाळलेली. आम्ही 'येऊन राहिलो' म्हणतो आणि पोहे-जलेबीला एकच पदार्थ समजतो. पण परदेशातल्या त्या मुलाचे जिणे पुण्याच्या मुलासारखे आहे की आमच्यासारखे? उंबऱ्याबाहेर दुसरी भाषा, शाळा दुसऱ्या भाषेत, सरकार दुसऱ्या भाषेत आणि उंबऱ्याच्या आत मराठी टिकवायची. हा धडा पुणे त्याला कसा देणार? तो बेळगाव, बिदर, कारवार, इंदूर, बडोदे इथेच मिळायचा. होळकरांच्या दरबारी मराठी होती. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात गेले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि आमची भाषा कचेरीतून घरात आली. त्याच १९५६ सालच्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले. ते कलम ३५० अ अजून घटनेत आहे, आणि आमची नात इंग्रजी शाळेत आहे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात १२ लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. त्यांच्यापैकी किती जण ती नातवंडांशी बोलतात, असा रकाना मात्र जनगणनेत नसतो.

दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो, हीही एक पळवाट. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, त्यांचे सख्खे बंधू शरच्चंद्र मराठीचे. घर एकच होते.

शिबिरे कशी करावीत हे पाहायचे तर आयर्लंडकडे पाहावे. आयरिश भाषेची उन्हाळी विद्यालये तिथे १९०४ पासून चालतात. पहिले कॉर्क परगण्यातल्या बॉलिंगेरी या खेड्यात निघाले. मुले साधारण तीन आठवडे गावातल्या घरांत राहतात. सकाळी वर्ग, मग खेळ, रात्री नाच-गाणी, आणि जेवण घरच्या बाईच्या हातचे. या यजमानीणबाईला आयरिशमध्ये 'बान अ टी', म्हणजे घरची बाई, म्हणतात. घरात आयरिश बोलली जात असली पाहिजे ही अट असते, आणि अशा घराला सरकार दर मुलामागे पैसे देते. लक्षात घ्या, पैसे नुसते खाटेचे नाहीत, घरातल्या भाषेचेही आहेत. इंग्रजी बोलत राहिलेल्या मुलाला घरी परत पाठवण्याचा शिरस्ताही अनेक विद्यालयांत आहे. पाहुणे येणार म्हणून यजमानांची भाषा टिकते, असा हा उलटा हिशेब आहे.

आमच्याकडे हिशेब सुलटाच. महाराष्ट्र सरकारपाशी १९९२ पासून राज्य मराठी विकास संस्था आहे, वेगळा मराठी भाषा विभाग आहे, २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राने मराठीला अभिजात दर्जाही दिला. विश्व मराठी संमेलने मुंबई-पुण्यात थाटाने झाली. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांतून तिकडचे पालक दर आठवड्याला मुलांना गाडीत घालून मराठी शिकवायला नेतात. तेवढे कष्ट ते घेतात. मग त्या मुलांना महिनाभर मराठीत बुडवून काढायला सीमेवरची आणि सीमेपलीकडची पन्नास घरे निवडावीत, त्या घरातल्या आजीला मानधन द्यावे, एवढे सरकारला जड आहे काय? मांडवाच्या खर्चातून निघेल.

पण सरकार उद्या खरेच तयार झाले तर ती पन्नास घरे आपण दाखवणार आहोत का? अट एकच असावी: त्या घरातले मूल घरातल्या मोठ्यांशी मराठीत बोलते का. हातोदला माझे घर आज त्या अटीत बसत नाही, हे मी लिहून देतो. सूनबाईला राग येईल; येवो.

आई आता थकली आहे, फार बोलवत नाही तिला. पुतणीचा फोन होता, येत्या मे महिन्यात मुलाला पुन्हा पाठवू का म्हणून. मी अजून तिला काही कळवलेले नाही.