गणित सुटले, वाट सुटली

बाळाला ऊब देणारा वॉर्मर, ईसीजी, ऑक्सिमीटर : जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या ठिकाणापासून मुंबईच्या केईएमपर्यंत रुग्णसेवा आज अशा यंत्रांच्या भरवशावर चालते. ही यंत्रे घडवण्याची आणि चालती ठेवण्याची विद्या म्हणजे जैववैद्यकीय अभियांत्रिकी. जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या मुलीने ती शिकायची म्हटले, की सगळे एकच रस्ता दाखवतात : बारावी आणि सीईटी.

रस्ता एकच नाही. तीन वर्षांची पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळतो. तिथे सीईटी नाही, पदविकेचे गुण धरतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला, तर पदविकेच्याही दुसऱ्या वर्षात जाता येते. बीएस्सी झालेल्यांनाही थेट द्वितीय वर्ष खुले आहे. पण एक अट आहे : बारावीला गणित हवे.

मेख या अटीत आहे. ‘जैव’ शब्द ऐकला की मूल अकरावीला जीवशास्त्र घेते आणि नकोसे गणित सोडून देते. पुढे बीएस्सी होऊन अर्ज भरायला बसते, तेव्हा पाच वर्षांपूर्वीची ती निवड आडवी येते. पदविकेवाल्यांची अडचण वेगळी. पदवीचे पहिले वर्ष त्यांच्या वाट्याला येत नाही आणि दुसऱ्या वर्षाचे गणित तर त्यावरच उभे. अशांसाठी विद्यापीठांनी सेतू अभ्यासक्रम चालवावा, असे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियम म्हणतात. पण किती पुलांवरून माणसे खरेच पलीकडे जातात?

कॅलिफोर्नियातही मुले दोन वर्षे गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात काढून मग विद्यापीठात जातात. तिथे ‘असिस्ट’ नावाची सार्वजनिक यादी आहे. या कॉलेजातला कोणता विषय त्या विद्यापीठातल्या कोणत्या विषयापोटी धरला जाईल, हे त्यात आधीच छापलेले असते. जैवअभियांत्रिकीला जाणाऱ्याला कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आधी उरकायचे आहे, हे पहिल्या सत्रातच कळते. आपल्याकडे 2021 मध्ये श्रेयांकांची बँक निघाली. श्रेयांक जमा होतात, पण ते पुढे कोण, कशापोटी वटवणार हे पासबुकात लिहिलेले नसते.

तेव्हा मागणी छोटी आहे. जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने दहावीच्या निकालाआधी प्रत्येक आश्रमशाळेत एक तक्ता लावावा : कोणत्या वाटेला कोणता विषय, किती टक्के, किती वर्षे. प्रवेशाला लागणाऱ्या दाखल्यांची यादी भिंतीवर लागते, तशी ही विषयांची. दाखला राहिला तर मुदतवाढ मागता येते; गणित राहिले तर पुन्हा बारावीच्या बाकावर बसावे लागते.