षट्पदांचें चित्र

आपल्या पूर्वकवींनीं भ्रमरास ‘षट्पद’ म्हटलें, तें त्याचे पाय मोजूनच. परंतु त्या पायांवरील लव, नेत्रांतील असंख्य भिंगें, जबड्याची घडण हीं नुसत्या दृष्टीस दिसत नाहींत. आणि जें दिसत नाहीं त्याविषयीं कळवळा तरी कसा उपजावा? वाघ-हत्तींसाठीं मनुष्य पुढें सरसावतो, कारण त्यांची मुद्रा त्याच्या परिचयाची असते. कीटकांस अशी मुद्रा देण्याचें काम हल्लीं ‘मॅक्रो’ छायाचित्रण करीत आहे.

या पद्धतींत कीटकाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आंतील पटलावर त्याच्या मूळ आकाराएवढी किंवा त्याहून मोठी उमटते. मात्र इतक्या जवळून एका वेळीं अगदीं पातळ थरच स्पष्ट येतो. म्हणून किंचित् किंचित् सरकत अनेक चित्रें घेऊन तीं एकत्र सांधतात.

याचें फळ पहा. अमेरिकेंत पाठीवर गंजाच्या रंगाचा ठिपका असलेला एक भुंगा नष्टप्राय झाला होता. शास्त्रज्ञांचा अर्ज २०१३ पासून सरकारदरबारीं पडून होता. क्ले बोल्ट या छायाचित्रकारानें त्या भुंग्याचें रूप लोकांपुढें मांडलें, २०१६ सालीं त्यावर लघुपट निघाला, आणि २०१७ सालीं त्यास कायद्याचें संरक्षण मिळालें. अर्जास युक्तिवाद होता. चित्रानें त्यास लोकांची सहानुभूति मिळवून दिली.

परंतु प्रसिद्धि ही दुधारी असते. वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञास १८५८-५९ च्या सुमारास इंडोनेशियांतील एका बेटावर एक महामक्षिका सांपडली. हिची मादी अंगठ्याएवढी. ती जबड्यानें राळ गोळा करून झाडावरील वाळवीच्या वारुळांत आपलें घर लिंपते. तिचीं जिवंतपणींचीं पहिलीं छायाचित्रें बोल्ट यांनींच जानेवारी २०१९ मध्यें घेतलीं. आदल्याच वर्षीं तिच्या एका मृत नमुन्यास लिलावांत नऊ हजार डॉलरांहून अधिक मोल आलें होतें! तेव्हां दुर्मिळ जीवाचें चित्र अवश्य दाखवावें, पण त्याचें ठिकाण झांकून ठेवावें.

आतां घरोघरीं मुलांच्या हातीं कॅमेरा असलेला फोन आहे. त्यांस एवढेंच सांगावें, कीं कीटक स्थिर राहावा म्हणून त्यास शीतपेटींत घालूं नये, टांचणीनें टोंचूं नये, त्याचें पान तोडूं नये. तो बसला असेल तसाच टिपावा. दिनांक व झाडाचें नांव लिहून ठेवावें. ही नोंद पुढें अभ्यासकाच्या उपयोगीं पडते आणि कीटकही आपल्या वाटेनें उडून जातो.