‘यात कथा कुठे आहे?’

हाँगकाँगच्या कँटोनीज साहसी विनोदपटांचा विषय निघाला की आपल्या साहित्यप्रेमी मंडळींच्या चेहऱ्यावर एक सौम्य, क्षमाशील हास्य उमटते. ‘नातवंडांबरोबर पाहतो कधीमधी’ अशी कबुली मिळते आणि पाठोपाठ तो ठरलेला प्रश्न येतो : ‘पण यात कथा कुठे आहे? नुसत्या उड्याच तर आहेत!’ हा प्रश्न विचारणारे रसिक कथा संवादांत शोधतात. ती तेथे सापडली नाही की ती नाहीच, असा निवाडा देऊन मोकळे होतात. या निवाड्याला माझा विरोध आहे.

१९८३ चा ‘प्रोजेक्ट ए’ घ्या. त्यात जॅकी चॅनचा नायक घड्याळाच्या मनोऱ्यावर काट्याला लोंबकळतो. हॅरल्ड लॉइड १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये असाच लोंबकळला होता आणि चॅनने ते ऋण कधी लपवले नाही. परंतु लॉइड पडत नाही. त्याच्या न पडण्यातच सारी गंमत आहे. चॅनच्या बोटांतले बळ संपते आणि तो खरोखर खाली येतो. कापडाची दोन छते फाडत तो जमिनीवर आदळतो. या एका फरकात नायकाचे चरित्र सांगून झाले. हा अजिंक्य वीर नव्हे, त्याला लागते. तो भितो, दमतो, चुकतो आणि तरीही उठतो. हे सांगायला कादंबरीकाराला दोन प्रकरणे लागली असती आणि आपण त्याला ‘व्यक्तिचित्रण’ म्हणून गुण दिले असते.

‘पोलीस स्टोरी’च्या (१९८५) अखेरीस तोच न्याय आहे. वरिष्ठांनी झिडकारलेला, कायद्याच्या कसरतींनी हरवलेला एक पोलीस अधिकारी दुकानांच्या भव्य संकुलात वरच्या मजल्यावर अडकला आहे आणि पुरावा खाली गुंडांच्या हाती जाऊ पाहतो आहे. जिन्याने उतरायला वेळ नाही. दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावर तो झेप घेतो आणि ठिणग्यांच्या पावसातून घसरत खाली येतो. ही उडी कथेत मध्येच घुसवलेली नाही. तासाभराचा साचलेला संताप तेथे देहरूप घेतो. प्रत्यक्षात चॅनच्या तळहातांची कातडी भाजली. दिग्दर्शकही तोच, ती झेप त्याने लागोपाठ तीनदा दाखवली. कथेचा काळ थांबवून ‘हे खरे आहे, पाहा’ अशी साक्ष काढली. शुद्ध कथनशास्त्राला हे खपणार नाही. पण आपला कीर्तनकारही उत्तररंग ऐन भरात असताना आख्यान थांबवून श्रोत्यांकडे वळतोच की!

ही भाषा आकाशातून पडलेली नाही. चॅन, सॅमो हुंग आणि युएन बियाव हे तिघे लहानपणी हाँगकाँगमध्ये यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढले. तेथे गाणे, अभिनय, कोलांटी आणि शस्त्र एकाच शिस्तीत, प्रसंगी छडीखाली, शिकवले जाई. त्या रंगभूमीवर युद्ध म्हणजे कथेतील विश्रांती नव्हे. पेडण्याकडे रात्र जागवून दशावतार पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे संहिता लिहिलेली नसते आणि राक्षसाशी होणारे तालावरचे युद्ध वगळले तर आख्यानच उरत नाही. ते आपल्याला कला वाटते. समुद्रापलीकडचे तेच आपण पोरकट ठरवतो.

माझा पक्ष मात्र सर्वत्र टिकत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. ‘आर्मर ऑफ गॉड’मध्ये कथा खरोखरच पातळ आहे, खजिना, मठ आणि साधू एका दोरीत कसेबसे ओवले आहेत. त्याच चित्रपटासाठी १९८६ मध्ये युगोस्लाव्हियात भिंतीवरून झाडावर झेप घेताना फांदी हातची गेली. चॅन दगडावर आपटला आणि त्याची कवटी फुटली. हा अपघात चित्रपटाच्या शेवटी, श्रेयनामावलीच्या वेळी, फसलेल्या दृश्यांत दाखवला आहे. फसलेल्या दृश्यांवर हसायची सवय लागलेल्या प्रेक्षकाला आता रक्तावरही हसावे की काय, असा पेच पडतो. मला ते दृश्य पाहवत नाही. जेथे कथा पोकळ, तेथे देह पणाला लावणे हे साहस नव्हे, उधळपट्टी आहे. ‘पोलीस स्टोरी’त बस करकचून थांबते आणि वरच्या मजल्यावरचे गुंड काचा फोडून खाली कोसळतात. ती माणसे कोण, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे? चॅनला २०१६ मध्ये मानद ऑस्कर मिळाले. साहसदृश्यांच्या रचनेसाठी स्वतंत्र ऑस्कर मात्र २०२७ च्या चित्रपटांपासून देण्याचे ठरले, तेही २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे उपेक्षा आपल्याच बैठकांत होती असे नाही.

तरीही ज्यांना ‘कथा कुठे आहे’ असेच विचारायचे आहे, त्यांनी ‘पोलीस स्टोरी’तला आणखी एक प्रसंग पाहावा. त्यात कोणी उंचावरून पडत नाही. गावाकडच्या ठाण्यात बदली झालेला अधिकारी एकटा बसला आहे, चारी बाजूंनी फोन वाजत आहेत, तारा एकमेकींत गुंतल्या आहेत आणि भुकेला तो दोन पेन्सिलींच्या काड्या करून शेवया खातो आहे. आवाज बंद करून पाहिले तरी चालेल.