फ्युजनचा ‘विक्रम’ मोजतात तरी कसा?

‘कृत्रिम सूर्याने विक्रम मोडला!’ अशी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. फॉरवर्ड करण्याआधी एक आकडा बघा. 3 ऑक्टोबर 2023 ला ब्रिटनमधल्या ‘जेट’ यंत्रात 69 मेगाज्यूल ऊर्जा निघाली, तीही 0.2 मिलिग्रॅम इंधनातून. भारीच! पण गिरगाव-परळमधल्या बेस्टच्या मीटरच्या भाषेत ही जेमतेम 19 युनिट. आणि तीसुद्धा वीज नाही, नुसती उष्णता.

69 हा आकडा आला कुठून?

ड्युटेरियम आणि ट्रिटियम जुळले की एक हेलियम आणि एक न्यूट्रॉन तयार होतो. हेलियमवर विद्युतभार असतो, म्हणून चुंबकीय क्षेत्र त्याला आत धरून ठेवतं. न्यूट्रॉनवर भार नसतो. तो थेट बाहेर सटकतो. बाहेर डिटेक्टर लावून न्यूट्रॉन मोजले की आत किती वेळा फ्युजन झालं ते कळतं. लालबागच्या गर्दीत न शिरता, गल्लीच्या तोंडाशी बाहेर पडणारी माणसं मोजावीत, तसंच.

भारत काय बनवतोय?

आत उरलेला हेलियम म्हणजे राख. ती साचली की इंधन पातळ होतं आणि फ्युजन मंदावतं. फ्रान्समधल्या ‘इटर’ प्रकल्पात ही राख मोजण्यासाठी लागणारा हायड्रोजनचा झोत भारत देतोय. अणूंना 100 किलोव्होल्टने वेग द्यायचा, मग त्यांचा भार काढून टाकायचा. नाहीतर चुंबकच त्यांना वळवेल. आत गेल्यावर हेलियम त्यांचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि ठराविक रंगाचा प्रकाश देतो. त्या प्रकाशावरून राख किती, हे काढता येतं. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेची ‘इटर-इंडिया’ हे काम बघते.

मग वाट कशाची बघायची?

आपल्या मुंबईचे होमी भाभा 1955 मध्ये जिनिव्हात म्हणाले होते, की वीसेक वर्षांत फ्युजन काबूत आणायचा मार्ग सापडेल. आता इटरमध्ये ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग 2039 मध्ये सुरू करायचं ठरलंय. मी सॉफ्टवेअरवाला, लॉग नसलेला सर्व्हर कोणी माझ्या गळ्यात मारला, तर मी हात जोडेन. 15 कोटी अंशांच्या प्लाझ्माचे ‘लॉग’ म्हणजे ही उपकरणं. वीज कधीही येवो, ती बनवण्याचं कसब आपल्याकडे राहील. माझ्या मते भारताची खरी कमाई तीच.

पुढची रील आली की एवढंच विचारा: ऊर्जा किती घातली, किती निघाली, आणि हिशोब कुठून धरला? डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत 2.05 मेगाज्यूल लेझर प्रकाशातून 3.15 मेगाज्यूल निघाले. पण ते लेझर पेटवायलाच सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली होती.