‘क्लार्क’ची कुळकथा

‘क्लार्क’ हा शब्द आपल्या घराघरांत रुळलेला आहे. सरकारी कागदावर तो लिपिक होतो, महसूल खात्यात पूर्वी तो अव्वल कारकून होत असे. ‘कारकून’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा साधा अर्थ काम करणारा. परंतु ‘क्लार्क’चा मूळ अर्थ ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. क्लार्क म्हणजे चर्चचा माणूस, धर्मोपदेशक!

ग्रीक भाषेत ‘क्लेरोस’ म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. त्यापासून लॅटिनमध्ये ‘क्लेरिकस’, म्हणजे धर्मसेवेतला माणूस, हा शब्द आला आणि इंग्रजीत त्याचा क्लार्क झाला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लिहिणे-वाचणे मुख्यतः चर्चच्या मंडळींनाच येत असे. राजाची पत्रे, हिशेब, दस्तऐवज तेच लिहीत. पुढे लिहिणारा तो क्लार्क, असा अर्थ रूढ झाला. धर्म गळून पडला, लेखणी उरली. इंग्रजीत ‘क्लेरिकल’ हे विशेषण आजही पाद्र्यालाही लागते आणि कारकुनालाही. अमेरिकेत तर दुकानातल्या विक्रेत्यालाही ‘क्लर्क’ म्हणतात.

अक्षराची मक्तेदारी किती मोलाची होती, ते तिथल्या न्यायालयात दिसे. चर्चच्या माणसाला राजाचे न्यायालय फाशी देत नसे. मग हा माणूस चर्चचा, हे ओळखायचे कसे? तर त्याला वाचता येते का, हे पाहायचे. पुढे वाचू शकणाऱ्या सामान्य पुरुषालाही ही सवलत मिळू लागली. बायबलमधील ५१ व्या स्तोत्राची सुरुवात वाचून दाखवली की मान वाचे. म्हणून लोक त्या ओळींना ‘मानेचे वचन’ म्हणत. निरक्षर माणूस त्याच गुन्ह्यासाठी फासावर जाई. स्त्रियांना तर पुरुषांइतकी सवलत मिळायला सतराव्या शतकाची अखेर उजाडली.

१५९८ साली बेन जॉन्सन या नाटककाराच्या हातून द्वंद्वयुद्धात एक नट मारला गेला. जॉन्सन वाचता येत असल्यामुळे फाशीतून सुटला. पुन्हा तीच सवलत मागू नये म्हणून त्याच्या अंगठ्यावर डाग दिला गेला. आपल्याकडे अंगठा ही निरक्षराची खूण. तिथे डागलेला अंगठा ही वाचता येणाऱ्याची! वाचनाची अट १७०६ मध्ये गेली आणि ही सवलतच १८२७ मध्ये रद्द झाली.

अक्षर मूठभरांच्या ताब्यात असले की न्यायही त्यांच्याच बाजूला झुकतो. हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली तेव्हा ज्यांचा जळफळाट झाला, त्यांना ही मक्तेदारी सुटण्याचीच भीती होती.

मी स्वतः कारकुनी करतो. ‘नुसता कारकून’ असे कोणी हिणवले तर मला वाईट वाटत नाही. ज्या लेखणीपासून आपल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या दूर ठेवले, ती आज आपल्या हातात आहे. मात्र खिडकीपलीकडे फॉर्म उलटासुलटा धरून एखादी आजी उभी असेल, तर तिला “उद्या या” म्हणणारा क्लार्क पुन्हा जुना पुरोहितच ठरतो. तिचा फॉर्म भरून द्यावा, भरलेले तिला वाचून दाखवावे, आणि तिच्या नातीला सही शिकवायला सांगावे. अंगठ्याची शाई कायमची पुसायची आहे ना?